माहेरची पिशवी

१

सकाळची पहिली गाडी यायच्या आत ती तिन्ही काटे शून्यावर आणून ठेवायची. एक जमिनीवरचा मोठा, एक टेबलावरचा, आणि एक सोनाराकडे असतो तसला नाजूक, काचेच्या पेटीतला. वजनात रतीभर फरक आला तरी तिला खपायचं नाही, आणि मग तिचं बोलणंही टोचायचं. म्हणून शेडमधले सगळे तिला काटेताई म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं.

काम म्हटलं तर सोपं होतं. शहराच्या त्या एका भागातली घरं रोज काय टाकतात याचा पालिकेला अंदाज हवा होता. निवडलेल्या घरांच्या पिशव्या वेगळ्या यायच्या. एकेक उघडायची, आतलं टेबलावर पसरायचं, ओलं, कागद, काच, धातू, चिंध्या, प्लॅस्टिक, राख-माती अशा बादल्यांत वाटायचं आणि तोलायचं. पिशवीला गल्लीच्या रंगाची दोरी असे. घर कुठलं ते फक्त गाडीवाल्याला ठाऊक. ते विचारायचं नाही असा नियम होता, कारण कचऱ्यात माणसाची अब्रू असते.

निवडायला मावशी होती. तिने आयुष्यभर कचराच हाताळला होता आणि घर ओळखायचा खेळ तिनेच सुरू केला होता. पिशवी पसरली की ती दोन मिनिटं नुसती बघत राहायची आणि मग निकाल द्यायची. नवरा-बायको भांडलेत, दोघांचा चहा वेगळा झालाय. आजोबांची कवळी सैल झालीय, सगळं मऊ-मऊ खाणं चाललंय. या घरचा माणूस पथ्यावर आहे म्हणून सांगतो आणि मिठाईचे कागद वर्तमानपत्रात गुंडाळून टाकतो. काटेताईसुद्धा या खेळात तरबेज झाली होती. दोघींचं बहुधा जुळायचं. नाही जुळलं तर जिची चूक तिने चहा करायचा.

त्या दिवशी निळ्या दोरीच्या पिशव्या होत्या. निळी दोरी म्हणजे भागाच्या अगदी टोकाची गल्ली. काटेताईचं लहानपण तिथेच गेलं होतं, आणि तिचा थोरला भाऊ, दादा, अजून त्याच दोन खोल्यांत एकटा राहत होता. हे तिने शेडमध्ये सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गल्ली तिच्याकडून काढून घेतली असती.

मावशीने एक बारीक कागदी पुडी उचलली आणि कागदाच्या बादलीकडे हात नेला.

"थांब," काटेताई म्हणाली.

पुडी दोन बोटांएवढी होती. तीन कोपरे आत दुमडलेले, चौथा त्यांच्या पोटात खोचलेला. तिने नखाने तो कोपरा सोडवला. आत शिवणाच्या मशिनची सुई होती, मधोमध तुटलेली.

२

तिचे बाबा घरी कपडे शिवायचे. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली मशिन, आतल्या खोलीत स्वयंपाक, आणि उरलेल्या जागेत चौघांचा संसार. सुई तुटली की बाबा हातातलं काम ठेवायचे, कागदाचा तुकडा घ्यायचे आणि सुईची पुडी बांधायचे. कितीही घाई असली तरी. कचरा उचलणाऱ्याचं पोट त्याच्या हातावर आहे, म्हणायचे, त्या हाताला आपल्या घरची सुई टोचायला नको. दादाने आणि तिने ती घडी शिकायचा खूप प्रयत्न केला होता. त्यांच्या पुड्या आपोआप उलगडायच्या. बाबांची कधी उलगडली नाही.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यामागून वर्षाच्या आत आई गेली. मशिन दादाने एका गरजू बाईला देऊन टाकलं होतं.

मशिनच्या खोक्यातून कधीतरी सांडलेली जुनी पुडी असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पटण्यासारखंही होतं. फक्त कागद जुना नव्हता. त्यावरची बातमी त्याच आठवड्यातली होती आणि तिने ती स्वतः वाचली होती.

पुढच्या खेपांना तिने निळ्या दोरीच्या पिशव्या आपल्याकडे ओढून घेतल्या. त्या एका पिशवीत आता चिंध्या यायला लागल्या. राखाडी कापड, त्यावर पांढरी बारीक रेघ, बाहीच्या गोलाईचे उरलेले तुकडे. खडूच्या निळ्या कपच्या. बोटाला लावल्या की भुकटी यायची. आणि बटाट्याची सालं. ती पाहून तिला आधी हसूच फुटलं. आई इतकी पातळ सालं काढायची की बाबा म्हणायचे, यातून पेपर वाचता येईल, उद्या सालंच शिजव आणि बटाटा टाकून दे. टेबलावर पडलेल्या सालीतून खालच्या पत्र्यावरचा गंज दिसत होता.

मावशीने निकाल दिला. "तीन माणसं. एक एकटा म्हातारा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा. आणि एक जोडपं. बाई हिशेबी आहे, बुवा शिवणकाम करतो. वयाची असणार दोघं, या हातांची सवय जुनी आहे. पण एक गोष्ट नवलाची बघा ताई, या दोघांचं औषध नाही. एक गोळी नाही, बाम नाही, काही नाही. नशीबवान म्हणायची."

काटेताईचं उत्तरही तीनच होतं. त्या दिवशी चहा कुणी करायचा हा प्रश्न आला नाही, तरी तिनेच केला.

दुपारी गाडीवाला गाडी धूत होता तेव्हा तिने नियम मोडला. तो आधी अवघडला, मग म्हणाला, ताई तुम्हीच विचारताय म्हणून सांगतो. चष्मेवाले काका. गल्लीतलं शेवटचं दार.

दादाने उभा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात काढला होता. गल्ली त्याला चष्मेवाले म्हणूनच ओळखायची.

३

सुट्टी बघून ती दादाकडे गेली. सोबत संध्याकाळच्या चहाची बिस्किटं घेतली, म्हणजे जायला काहीतरी निमित्त.

दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. गेली काही वर्षं तो जेवायचं म्हणून जेवायचा, गालांची हाडं वर आली होती. आता चेहरा भरला होता. तिने तसं म्हटलं तेव्हा तो लाजला आणि म्हणाला, वेळेवर जेवण होतं हल्ली. कोण करून घालतं, असं तिने थट्टेने विचारलं. त्यावर तो नुसता हसला आणि चहा ठेवायला आत गेला.

बाहेरची खोली होती तशीच होती. खिडकीखाली फरशीवर मशिनच्या पायांचे चार खळगे. लहानपणी मशिन जरा सरकवून ती त्या खळग्यांत गोट्या ठेवायची. आता तिथे केरसुणी उभी केलेली होती.

दादा शेगडीपाशी पाठमोरा होता तोवर तिने आत जाऊन हळूच बादलीचं झाकण उचललं. अंड्याचं एक टरफल, चहाचा चोथा, गोळ्यांची पट्टी, पावाचा कागद. जाड, खडबडीत, दादाच्या हातची बटाट्याची सालं. एका माणसाचा कचरा. याबद्दल मावशीने आणि तिने पैज लावली असती.

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिला रडूच यायला लागलं. बाहेरून पाहुण्यासारखं यावं, झाकण उचलावं, आणि आत कुणीच नसावं, असं काहीतरी. ती नळ सोडून उगाच हात धूत राहिली.

चहा पिताना भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. खट-खट-खट, मग थांबून, पुन्हा खट-खट. तिने कप खाली ठेवला.

"शेजाऱ्यांचा पंप," दादा म्हणाला. तिने विचारलंही नव्हतं.

त्याच्या पलीकडे शेजार नव्हताच. ते गल्लीतलं शेवटचं दार होतं. पण पंप तर कुठलाही कुठूनही ऐकू येतो, असं म्हणून तिने ते सोडून दिलं, आणि तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडे गेलं. राखाडी कापड, पांढरी बारीक रेघ. खिसा नेहमीपेक्षा बोटभर खाली लावलेला. बाबा तसाच लावायचे, पेन्सिल बाहेर डोकावू नये म्हणून.

"नवा शिवलास?"

"हा? जुनाच आहे गं."

काज हाताने केलेली होती आणि कापडाची खळ अजून गेली नव्हती.

निघताना तो दारापर्यंत आला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि म्हणाला, "तू थांबत नाहीस कधी. घाईतच असतेस."

४

बसमध्ये बसल्या-बसल्या तिने सगळं जुळवलं. दादा एकटा पडलाय. एकटेपणात माणसं काय काय करतात. त्याने कुठल्याशा टेलरकडून चिंध्या आणल्या असतील, बाबांची घडी शेवटी जमवली असेल, आईसारखी सालं काढायला बसत असेल. दिवस तर त्याच्याकडे पोत्याने आहेत. आणि सकाळी ते सगळं पिशवीत भरून दाराबाहेर ठेवत असेल, जगाला दिसावं की या घरात माणसं आहेत. वेड म्हणायचं तर वेड. पण कुणाला त्रास न देणारं. त्याला डॉक्टरकडे न्यायचं का, हे तिने नवऱ्याला विचारलं. तिचा नवरा पाण्याच्या टाक्यांवर पाळीने कामाला जायचा, शांत स्वभावाचा. तो म्हणाला, खातोय-पितोय ना नीट? मग राहू दे की त्याला त्याच्या नादात.

तिला हेच ऐकायचं होतं. कारण खरी गोष्ट अशी की त्या सकाळींची तिला चटक लागली होती. गाडीचा आवाज आला की छातीत हलकं व्हायचं. कुणाची कुठली पिशवी असो, ती निळी दोरी शोधायची. एकदा साबणाची झिजलेली चकती आली, नव्या वडीला चिकटवायला म्हणून आई जपून ठेवायची तसली, शेवटी निसटून केरात गेलेली. एकदा बाबांच्या दाढीचा साबण लागलेला कागद. त्यावर पांढरे खुंट, आणि वास. त्या वासासरशी ती बाबांच्या मांडीवर होती, दौतीएवढ्या बाटलीत पाणी घेऊन, त्यांचा ब्रश बुडवून देत. मावशी म्हणायची, ताई, तुम्ही कचऱ्यावर बसून कसल्या हसता?

मग एके सकाळी पिशवीच्या अगदी तळाशी, सालांच्या, चोथ्याच्या खाली, एक कागदाचा बोळा हाताला लागला. घट्ट दाबलेला. तिने तो उघडला. आत पावाच्या कडा होत्या. नुसत्या कडा, दातांनी कुरतडून मधला मऊ भाग काढून घेतलेल्या. बारीक दातांच्या खुणा, आणि मधे एका दाताची जागा रिकामी.

"बघा, पोर आलं घरात," मावशी म्हणाली. "सात-आठ वर्षांचं. दात पडतायत. कडा आवडत नाहीत म्हणून लपवून टाकल्यात तळाशी. आईला भीत असणार."

काटेताईने बोळा खाली ठेवला.

पावाच्या कडा ती टाकायची. अन्न टाकलेलं आईला चालायचं नाही, म्हणून कडा कागदात गुंडाळून, कोपरापर्यंत हात घालून बादलीच्या तळाशी दाबायची. आईला कधी कळलं नाही. बाबांना नाही, दादाला नाही. मोठेपणी हसत-हसत सांगावं अशी ती गोष्ट होती, पण सांगायची राहून गेली होती. जगात ती फक्त तिलाच ठाऊक होती.

म्हणजे तो बोळा दादाने करणं शक्य नव्हतं.

५

घरी ती कचऱ्याकडे कधी बघायची नाही. दिवसभर तेच केलेलं असायचं. पण त्यानंतरच्या एका सकाळी बादली बाहेर ठेवताना पिशवी फाटली आणि सगळं ओट्यापाशी सांडलं. वर्तमानपत्र घेऊन ती भरायला बसली, आणि हात सवयीने वाचायला लागले.

केळ्याची सालं, तिच्या मुलाची. पेन्सिलीचा भुगा, चॉकलेटचा कागद, पुस्तकाच्या कव्हराचे कापलेले कोपरे. नवऱ्याच्या विड्यांची थोटकं, दाढीची पाती, तो रोज कुरकुरत खातो त्या कारल्याच्या बिया. दोन माणसं. एक बारा वर्षांचा मुलगा, एक पुरुष. बाई नाही.

ती स्वतःशीच हसली. मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तिचे केस गळत होते आणि रोज फणीचा गुंता ती याच बादलीत टाकायची. गुंता नव्हता. आदल्याच दिवशी संपलेली तिच्या थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी नव्हती. तिच्या एकटीच्या कोऱ्या कॉफीचा चोथा नव्हता. नवऱ्याला विचारलं, मधे कचरा टाकला होतास का? तो म्हणाला नाही. तिच्याकडे बघून म्हणाला, बरं नाही का वाटत?

त्या संध्याकाळी येताना तिने एक संत्रं आणलं. स्वयंपाकघरात उभं राहून, दिवा लावून, नवरा समोर पेपर वाचत असताना तिने ते सोललं. सालीचे मोठे तुकडे काढले, बिया सगळ्यात मोठ्या तुकड्यात गुंडाळल्या, बादलीचं झाकण उघडलं, टाकलं, झाकण लावलं. नवऱ्याला म्हटलं, बघितलंस ना? तो म्हणाला, काय? संत्रं खाल्लंस, मला विचारलंही नाहीस.

सकाळी तिने झाकण उघडलं. दोन माणसं होती. तिच्या बोटांना अजून संत्र्याचा वास येत होता.

शेडमध्ये पोचेपर्यंत तिला कळून चुकलं होतं काय दिसणार ते. तरीही निळ्या दोरीची गाठ सोडायला तिला वेळ लागला, शेवटी मावशीनेच सोडली. वरतीच होत्या. सालीचे मोठे तुकडे, एकात गुंडाळलेल्या बिया. केसांचा गुंता, काळ्यात निम्मे पांढरे. गोळ्यांची पट्टी.

मावशी बघत राहिली. तिचा चेहरा मऊ झाला. तिला स्वतःला माहेर नव्हतं, लहानपणीच सगळे गेले होते.

"लेक आलेली दिसते माहेरपणाला," ती म्हणाली. "बरं झालं. म्हातारा-म्हातारीला बरं वाटलं असेल."

६

ती दुपारीच निघाली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

गल्लीत ऊन होतं. कुणीतरी चादरी वाळत टाकल्या होत्या, कुठल्याशा घरात रेडिओ चालू होता. दिवसाढवळ्या, एवढ्या साध्या ठिकाणी, तिला आपल्याच पायांची लाज वाटली. ते इतके हळू पडत होते. शेवटच्या दाराबाहेर दादाच्या चपला नव्हत्या. दार लोटलेलं होतं. आतून खट-खट-खट येत होतं. तिने दारावर हात ठेवला आणि ते थांबलं.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. केरसुणी दुसऱ्या कोपऱ्यात गेली होती. खिडकीखाली, त्या चार खळग्यांच्या मधल्या जागेत, राखाडी दोऱ्याचे तुकडे पडले होते, आणि त्यातला एक अजून हलत होता. वारा असेल. खिडकी बंद होती.

स्वयंपाकघराचा पडदा अर्धा ओढलेला होता. आतून तव्याचा वास, आणि बांगड्यांचा तो आवाज. पीठ मळताना आईच्या दोन बांगड्या एकमेकींवर आपटायच्या, आणि एकीला चीर गेलेली असल्यामुळे नाद बद्द यायचा. नेमका तोच. काटेताईला वाटलं, आता पडदा बाजूला करायचा. एवढंच तर आहे. हात पुढे गेलाही होता.

पडद्याच्या कडेला एक मुलगी उभी होती. पाठमोरी, चवड्यांवर, एक हात कोपरापर्यंत बादलीत. वेणीची रिबीन सुटलेली. हात बाहेर काढून तिने फ्रॉकला पुसला आणि मागे वळली. पडद्यामुळे अर्धाच चेहरा दिसला, एक डोळा, एक गाल. त्या डोळ्यात भीती आली, मग समोरच्या बाईला बघून गेली, आणि मग तिने ओठांवर बोट ठेवलं. सांगू नकोस.

आतल्या बांगड्या थांबल्या.

"कोण आलंय गं?" आईने विचारलं.

मुलगी काटेताईकडेच बघत होती. बोट ओठांवरून निघालं नव्हतं.

"कुणी नाही, आई."

काटेताईने मागच्या पावली दार गाठलं आणि झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लावावं तसं अलगद ओढून घेतलं. पायरी उतरली तर दादा समोरून येत होता, काखेत पाव. तो तिच्याकडे बघून थांबला, मग बंद दाराकडे त्याची नजर गेली. तो दचकला नाही. त्याचा चेहरा नुसता थोडा कसनुसा झाला.

"भेटलीस?"

तिने मान हलवली. नाही.

"असं अचानक आलं की आईची धांदल होते," तो म्हणाला. "उद्या ये. मी सांगून ठेवतो, तुझं पान वाढून ठेवायला."

"बरं," ती म्हणाली. माहेरी बोलावलं की लेक म्हणते तसं, चटकन.

७

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. दादाचा फोन आला नाही, तिने केला नाही.

घरी मुलाच्या वह्यांना कव्हरं घातली, नवऱ्याबरोबर बाजारात गेली, माळे साफ केले. चार-सहा दिवसांनी बादलीत एक केसांचा गुंता दिसला. मग कॉफीचा चोथा. मग गोळ्यांची पट्टी. ती ओट्यापाशी बसून ते बघत होती तेव्हा मुलगा पाणी प्यायला आला आणि म्हणाला, आई, तू कचऱ्याशी काय बोलतेस? तिने त्याला जवळ ओढून घट्ट धरलं, इतकं की तो वैतागला.

शेडमध्ये मात्र निळ्या दोरीच्या पिशवीत आता रोज एक कागद यायला लागला, नीट घडी घातलेला. त्यात एका माणसाचं जेवण असायचं. भात, बटाट्याच्या फोडी, पोळी, अर्धं उकडलेलं अंडं. हात न लावलेलं. अंडं अर्धं का ते तिला ठाऊक होतं. त्या घरात अंडं कधी कुणाला पुरतं आलं नव्हतं, सगळ्यांना अर्धं-अर्धंच. मावशीला मोठा राग यायचा. शिळं नाही, आंबलेलं नाही, आणि टाकतात. कुणाची तरी वाट बघतायत आणि तो येत नाही, असा तिने निकाल दिला. काटेताई तो कागद उचलायची, तोलायची आणि डोळे मिटून ओल्याच्या बादलीत रिकामा करायची.

मग वजन उतरायला लागलं. काटा खोटं सांगत नव्हता. एके दिवशी पोळी नव्हती. मग फोडी कमी. मग भात घासाएवढा.

त्या सकाळी मुलाची शाळेत धावण्याची शर्यत होती. संध्याकाळी येतेस ना, असं त्याने दारातून दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा ती येते म्हणाली. शेडमध्ये पोचली, काटे शून्यावर आणले. गाडी आली. निळ्या दोरीच्या पिशवीतून मावशीने कागद काढला आणि उलगडला. आत फक्त अर्धं अंडं होतं.

"आता सोडली त्यांनी आशा," मावशी म्हणाली. "उद्यापासून नाही वाढणार."

तिने कागद बादलीकडे नेला. काटेताईने तिचं मनगट धरलं आणि कागद आपल्या तळहातावर घेतला. पिशवी पहाटेपासून गाडीत होती, बाहेर गारठा होता. कागद खालून ऊन लागत होता.

बाहेर गाडीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. मोठ्या काट्यावर एक माशी बसली होती. सगळं रोजच्यासारखं होतं आणि तिला ते सगळं फार आवडत होतं, हे तिला त्या वेळी कळलं.

तिने स्टूल ओढलं, टेबलाशी बसली आणि अंड्याचा तुकडा मोडून तोंडात घातला.

"ताई," मावशी घाबरून म्हणाली. "ताई, अहो, काय करताय?"

"आईने वाढलंय, मावशी," ती म्हणाली, आणि शेवटच्या कणापर्यंत सगळं खाल्लं.